वाकलेल्या पाठीचं माप

राहीवयनीबद्दल विचारायचं तर मलाच विचारा. तिच्या घरात नि आमच्या घरात दगडांचा एक गडगा, तोही कंबरेएवढा. विस्तव, मीठ, भांडण, सगळं त्याच्यावरूनच इकडचं तिकडे व्हायचं. मी लग्न होऊन वाडीत आले नि त्याच सालच्या माघात वयनी पडली, म्हणून मला सगळं धड आठवतं. मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला ना, त्याच्या आदलं साल. हल्ली बाकीच्या बायका वाटेल ते सांगतात. कुणी म्हणतं, तिला देवीनं स्वप्नात येऊन इरलं बांधायला शिकवलं. देवीला दुसरे उद्योग नाहीत काय?

आमची वाडी संगमेश्वराकडची, डोंगराला पाठ लावून बसलेली. पुरुषमाणूस, मिसरूड फुटली की मुंबईला, गोदीत नाहीतर गिरणीत. मागे राहायच्या सासवा, सुना नि बैल. वयनीचा घो महिपत गोदीत होता. घरात सासू यमुनाकाकी, नांगरापुरता गावीच ठेवलेला धाकटा दीर रघू नि त्याची बायको सगुणा. वयनी थोरली सून. ती लावणीला वाकली की बाकीच्या बायका आपसूक मागे पडायच्या. काकी बांधावरून बघायची नि काही बोलायची नाही. काकीनं काही न बोलणं म्हणजे शाबासकी, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

माघात आमच्याकडे कवळ तोडतात. झाडांच्या डहाळ्या तोडून, भारे बांधून शेतात आणायच्या, वाळवायच्या नि भाताचं रोप जिथं करायचं त्या जागेवर जाळायच्या. वयनी डोक्यावर भारा घेऊन उतरत होती. पायाखालचा दगड सुटला नि ती भाऱ्यासकट घळीत गेली. डोलीत घालून घरी आणली. वैदूनं शेकलं, चोळलं, पाला बांधला. शिमग्यापर्यंत ती उठली, चालायला लागली, पाण्याची घागरसुद्धा कडेवर घ्यायला लागली. फक्त पुढे वाकता येईना. कंबरेत खुंटी मारल्यासारखी ताठ. हातातली पळी पडली तर खांब धरून, पाठ सरळ ठेवून, हळूहळू खाली बसायची, पळी घ्यायची नि पुन्हा खांब धरून उठायची. तोवर चुलीवरची पेज उतू गेलेली असायची.

कुणब्याच्या घरात वाकता न येणारी सून म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. लावणी वाकून, तण काढायची बेणणी वाकून, कापणी वाकून. काकी तोंडानं वाईट बोलली नाही. पण वाढताना भात आधी सगुणाच्या ताटात पडायचा, मग वयनीच्या. "दमल्याला आदी," एवढंच म्हणायची. सगुणा बिचारी दोघींचं काम ओढून संध्याकाळी ओटीवर आडवी व्हायची नि वयनी तिचे पाय चेपायची. थोरली जाऊ धाकटीचे पाय चेपतेय. गडग्यापलीकडून ते बघून मला भडभडून यायचं.

वाडीत काशीराम म्हणून एक म्हातारा होता. सबंध वाडीची इरली तोच बांधायचा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पळसाची पानं. डोक्यावरून पाठीवर पालथी होडी घातल्यासारखं घ्यायचं, दोन्ही हात मोकळे ठेवायचे नि भर पावसात लावणी करायची. काशीरामाचे हात आता थरथरायला लागले होते. वयनी एक दिवस त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली नि म्हणाली, मला बसून होईल असं काम शिकवा. म्हातारा हसला. बाईमाणसानं बांबू फोडलेला त्यानं जन्मात बघितला नव्हता. पण त्याला सकाळची पेज करून घालणारंही कुणी उरलं नव्हतं. मग ठरलं, पेज वयनीनं न्यायची नि तो सांगेल तसं करायचं.

सुरुवातीला नुसती बोटं कापली. कामटी सोलताना एक बाजू जाड नि एक बाजू पातळ व्हायची. म्हातारा ती घ्यायचा, वाकवायचा, ती मटकन मोडायची नि तो तुकडा वयनीच्याच पुढ्यात चुलीत टाकायचा. ती रडायचं ते पाणी भरताना रडून घ्यायची, मी पाहिलंय. वैशाखापर्यंत तिच्या कामट्या मोडायच्या थांबल्या, नि मिरगाच्या आधी तिची स्वतःची पाच-सात इरली ओटीवर उभी राहिली.

तिनं ती तपासलीही. अंगणात उभी राहून एकेक अंगावर घ्यायची नि सगुणा वरून घागर ओतायची. थेंब आत येईना. सगुणा टाळ्या पिटायला लागली. पहिलं इरलं मी घेतलं. काशीरामाकडे तयार नव्हतं म्हणून घेतलं, उगाच मोठेपणा कशाला सांगू.

आषाढात लावणी लागली. मी मुठीत रोप धरून वाकले मात्र, पाठीवरचं सगळं पाणी मानेवरून थेट माझ्या चोळीत. पुढच्या शेतात अजून दोघी तशाच, गारठून कुडकुडत उभ्या. कुणीतरी म्हणालं, राहीनं इरलं बांधलं नाय गो, पन्हळ बांधलाय. सगळ्या हसल्या. काकी बांधावरच होती. तिनं ऐकलं, पदर कपाळावर पुढे ओढला नि घरची वाट धरली.

मी तशीच चिंब जाऊन ते इरलं गडग्यावरून वयनीच्या अंगणात टाकलं नि दोन शब्द सुनावले. तिनं खांब धरून, बसून ते उचललं. उलटंपालटं करून बघितलं. मग विचारलं, "उभी व्हतीस तवा गळलं, का वाकलीस तवा?"

मी म्हटलं, लावणी उभ्यानं कोण करतं?

तिचा चेहरा असा झाला की मला माझ्याच बोलण्याची शरम वाटली. तिला उमगलं होतं. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून तिनं इरलं उभ्या पाठीवर घालून बघितलं होतं. उभ्या बाईला ते झकास बसत होतं. वाकलं की मान पुढे जाते, पाठ लांबते, मागची कड वर उचलते नि पाणी उलटं फिरून मानेशी येतं. काशीरामाचा हात सवयीनंच तेवढा बाक द्यायचा. इतक्या वर्षांत त्याला स्वतःलाही ते कळलं नव्हतं, तर सांगणार काय?

गणपतीला महिपत आला. तेव्हा काकीनं विषय काढला. वहाळापलीकडच्या वाडीतली गंगा म्हणून मुलगी, हाडापेरानं मजबूत, लावणीला वाऱ्यासारखी. पुढच्या सालच्या तुळशीच्या लग्नानंतर दुसरं करून टाकू, राहीला कुणी हाकलत नाही, राहील कोपऱ्यात. हे सगळं वयनीच्या समोर, ती पाटावर बसून नारळ खवत असताना. महिपत वाईट माणूस नव्हता. पण आईपुढे त्याची मान कधी वर झाली नाही. पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. निघताना मात्र त्यानं वयनीला विचारलं, शिमग्याला येताना तुला काय आणू? त्याला वाटलं, लुगडं म्हणेल. ती म्हणाली, बांबू सोलायला चांगल्या पोलादाची सुरी आणा. शिमग्याला त्यानं आणलीही, गोदीतल्या एका लोहाराकडून मुद्दाम करवून. नि त्याच मुक्कामात आईला गंगेसाठी होकारही देऊन गेला. एका हातानं सुरी दिली नि दुसऱ्या हातानं सवत. आता अशा माणसाला शिव्या द्याव्या की काय करावं, तुम्हीच सांगा.

मधल्या थंडीत वयनी थांबली नाही. वाकलेल्या पाठीचं माप हवं होतं. सगुणा वाकून उभी राहायची, पण दिवसभर राबलेलं अंग, थोड्या वेळानं तिच्या मांड्या कापायला लागायच्या. मी वाकले तर मला हसू फुटायचं. नि घरातच एक पाठ होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. काकीची. जन्मभराच्या लावणीनं ती अशी वाकली होती की काकी उभी राहिली तरी वाकलेलीच असायची. अंगणात भात पसरायची तेव्हा तिला वाकावं लागायचंच नाही.

एका सकाळी काकी भात पसरत होती. वयनी मागून गेली नि काही न विचारता कामट्यांचा उघडा सांगाडा तिच्या पाठीवर ठेवला.

"काय करतंस गो?" काकी ओरडली.

"हलू नका, आत्याबाय."

यमुनाकाकीला 'हलू नको' म्हणणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. पण ती थांबली. वयनीनं मानेशी दोन बोटं घालून बघितली, कमरेपाशी कामटी दाबली, खुणेला कोळसा ओढला. कोंबड्या येऊन भात टिपायला लागल्या तरी काकी हलली नाही. मीच गडग्यावरून हात करून त्या हाकलल्या.

मग ते रोजचंच झालं. काकी कुरकुरायची, कामं पडल्येत म्हणायची, नि वयनी सांगाडा घेऊन आली की गप उभी राहायची. हळूहळू बोलायलाही लागली. "हितं," म्हणाली एकदा, नि हात मागे नेऊन दोन खांद्यांच्या मधली जागा दाखवली, "हितं पानी शिरतं नि मग दिसभर उतरत नाय. माजं हाड थितंच दुखतं." वयनीनं त्या जागेवर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला. त्या घरात त्या दोघींना एकमेकींच्या अंगाला हात लावायचं दुसरं निमित्तच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं नेमक्या त्या जागी पानांचा आणखी एक थर घातला, वरच्या पानाचं टोक खालच्या पानाच्या पाठीवर येईल असा.

तेव्हापासूनची तिची ती खोड अजून गेलेली नाही. पाऊस सरला की दारोदार जाते नि विचारते, कुठं गळलं, कुठं टोचलं, कुठं जड झालं. एक साल पानं बदलून बघते, एक साल कड वेगळी वळवते. आता संगमेश्वरच्या बाजारात तिची इरली दुसऱ्याआधी उठतात, लांबच्या गावच्या सुना तिच्याकडे शिकायला बसतात, तरी म्हणते, अजून मानेचं नीट जमलं नाय. मी म्हणते, बाई, मरताना यमालाही विचारशील, तुमच्या रेड्यावर कुठं गळतं?

पण मी पुढे धावले. त्या साली वैशाखात तिची इरली तयार झाली नि बायका हातात घेऊन बघायला लागल्या. मीही, हो, आधीचं विसरून. घातलं, वाकले, सगुणानं घागर ओतली. पाठ कोरडी ठणठणीत. घ्यायचं सगळ्यांना होतं, पण हातात पैका कुणाच्या होता? वयनीनं मार्ग काढला. पैका नको, म्हणाली, लावणीत एक दिवस आमच्या शेतात हात द्या. एका इरल्याला एका दिवसाची लावणी. बायकांना ते हलकं वाटलं. एकीनं दुसरीला सांगितलं, शेजारच्या वाडीतूनही आल्या. काकीला यातलं वयनीनं काही सांगितलं नाही. न जाणो, ऐन वेळी कुणी आलंच नाही तर?

नि इथं ते गंगेचं प्रकरण. आमच्या त्या चार वाड्यांत तेव्हा रीत होती. मुलगी ठरली की आषाढात सासूनं स्वतः जाऊन तिला सासरचं इरलं द्यायचं. इरलं मुलीच्या दारात उतरलं की शब्द पक्का. मग मागे फिरणं नाही. इरलं परत आलं तर सोयरीक मोडली. काकीनं वयनीला सांगितलं, एक चांगलं इरलं बांधून ठेव, वहाळापलीकडे द्यायचंय. मी गडग्याशीच उभी होते, माझ्या हातातलं सूप खाली गेलं. वयनी म्हणाली, बांधीन.

नि बांधलं ते कसं! पानं निवडायला दोन डोंगर चढली. कामट्या इतक्या गुळगुळीत सोलल्या की तळहातावरून फिरवाव्यात. मला राहवेना. मी म्हटलं, वेडी का खुळी तू? सवतीसाठी एवढं? ठेव की कुठं एक भोक, भिजू दे तिला. तर ती सुरी न थांबवता म्हणाली, "गळकं इरलं बांधायला मी परत शिकू काय?"

ते इरलंही काकीच्याच पाठीवर जुळवलं. दुसरी पाठ आणायची कुठून? शेवटचा टाका घालताना वयनीच बोलली. मी ऐकलं, ऐकलं नाही असं खोटं कशाला म्हणू. म्हणाली, "आत्याबाय, आना तुमी तिला. मी अडवीत नाय. माजं पोट आता माज्या हातात हाय, मी कुटंबी बसून इरलं बांधीन नि खाईन. पन मला ह्या घरातनं जायाचं नाय. मला हितंच ऱ्हावंसं वाटतं. तुमच्यापाशी."

काकी काही बोलली नाही. पाठ वयनीकडे होती, त्यामुळे वयनीला तिचं तोंड दिसलं नाही. मला दिसत होतं. काकीचे ओठ नुसते हलत होते.

आषाढ आला. लावणी लागली नि नदी-वहाळ तट्ट भरले. सगुणाला तेव्हा पोटुशी राहून बरेच दिवस झाले होते, एकटीनं किती करणार? काकीनं सकाळी पेज घेतली नि वहाळापलीकडे जायला निघाली. शब्द दिलेला होता, नि काकी शब्दाची फार मानी बाई. नेसूचा काष्टा घट्ट केला, ते नवं इरलं पाठीवर घेतलं. पावसात इरलं न्यायचं तर घालूनच न्यावं लागतं. अंगणातून उतरली नि शेताच्या कडेला येऊन थबकली.

तिच्या शेतात बायकाच बायका. आमच्या वाडीतल्या, शेजारच्या वाडीतल्या, कुणी कुणाची सून, कुणी सासू. सगळ्या वाकलेल्या, सगळ्यांच्या पाठीवर राहीची इरली. लांबून नुसती कासवं चालल्यासारखी दिसत होती. मीही त्यातलीच. वयनी बांधावर ताठ उभी राहून रोपांच्या मुठी आमच्याकडे फेकत होती. एवढं तिला जमायचं. काकीनं विचारलं, ह्या कोण? रघूनं सांगितलं, वयनीच्या इरल्यांचे हात आहेत. चार दिवसांची लावणी आज संपेल.

आम्ही सगळ्या हात थांबवून बघत राहिलो. काकीनं शेत बघितलं, वयनीला बघितलं, नि फिरून वहाळाची वाट धरली. वहाळावरच्या लाकडी साकवावरून पलीकडे जाताना तिचं इरलं दिसलं नि झाडीत गेलं.

माझ्या तर हातातली मूठच गळून पडली. सगुणा रडायला लागली. वयनी म्हणाली, रोप सुकंल, लावा. नि मुठी फेकत राहिली. तिचा हात एकदाही चुकला नाही, प्रत्येक मूठ बरोबर पुढ्यात पडत होती. त्या दिवशी पावसानंही उसंत दिली नाही. दुपारी आम्ही बांधावरच पेज प्यायलो, तिनं तोंडाला लावली नाही. सगळ्या मनात एकच धरून होतो. काकी परत येईल ती भिजत, डोक्यावर घोंगडं नाहीतर तिथल्या कुणाचं जुनं इरलं घेऊन. तसं दिसलं की झालं.

दिवस कलला. शेवटची पट्टी उरली होती. साकवाकडे बघायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं नि सगळ्याच बघत होतो. आधी सगुणानंच पाहिलं. तिनं हात वर केला.

काकी येत होती. पाठीवर तेच इरलं.

चिखलातून बांधाबांधानं, वाकलेली, सावकाश येऊन ती वयनीपुढे थांबली. धाप लागली होती. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. रघूनं भीत भीत विचारलं, "आये, दिलं नाय?"

"माज्या मापाचं हाय ते," काकी म्हणाली. "त्या पोरीची पाठ सरळ हाय. तिला कसं बसंल?" मग तिनं पाठीवर हात नेला, ती दोन खांद्यांच्या मधली जागा चाचपली नि हात पुढे आणून वयनीला दाखवला. हात कोरडा होता. "येवडं आयुष्य गेलं गो, आज पयल्यांदा पाठ कोरडी हाय."

वयनीला पुढे होऊन पाया पडायचं तर वाकता येत नव्हतं. ती तशीच उभी, डोळ्यांतून पाणी नि वरून पाऊस. काकीनं तिच्याकडे बघितलं नि नेहमीच्या कुरकुरत्या आवाजात म्हणाली, "मानेशी जरा टोचतंय. घरी चल नि बघ."

कुठलं टोचतंय. वयनीच्या हातचं टोचेल कशाला? पण वयनीनं तिथंच, बांधावर, काकीच्या मानेशी दोन बोटं घातली नि चाचपडत राहिली. काकी हलली नाही. आम्ही उरलेली पट्टी लावायला घेतली.